सुट्टी लागली की हातातून निसटणारी मुलं

बोरू

गेली नऊ वर्षं संध्याकाळच्या एका मोफत अभ्यासवर्गात शिकवतो आहे. येणारी बहुतेक मुलं हातावर पोट असलेल्या घरांतली. काहींच्या घरी कमावणारं एकच माणूस, काही आजीजवळ वाढणारी, काहींचं बिऱ्हाडच दर थोड्या महिन्यांनी हलतं. वर्षभरातल्या अडचणींवर बोलणं होत असतं. मला बोलायचंय ते उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल, कारण आमची सगळ्यात जास्त मुलं तिथेच निसटली.

एका मुलीचं सांगतो. तिसरीत होती. वर्षभर अक्षरांशी झुंजली आणि परीक्षेच्या पंधरा दिवस आधी तिने एक आख्खी गोष्ट कुणालाही न विचारता वाचली. अडखळत, पण स्वतः. शेवटचं पान झाल्यावर पुस्तक मिटलं नाही, परत पहिल्या पानावर गेली. मग शाळेला सुट्टी लागली, आमचाही वर्ग बंद. सुट्टी संपल्यावर मी तेच पुस्तक मोठ्या हौसेने तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या ओळीतल्या जोडाक्षरापाशी ती थांबली, पुन्हा एकदा प्रयत्न केला, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाली, "मला हे येतच नव्हतं."

विसरले, असं नाही म्हणाली. येतच नव्हतं म्हणाली. जोडाक्षरं तीन आठवड्यांत परत आली, पण ते वाक्य पुसायला आख्खं वर्ष गेलं.

या विषयावर अमेरिकेत बरीच वर्षं काम चालू आहे. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेतला. सुट्टीत सरासरी महिनाभराचं शिक्षण मागे पडतं, आणि वाचनात सुस्थितीतली मुलं सुट्टीतही थोडी पुढे सरकतात तर गरीब घरातली मागे जातात, असं त्यांना दिसलं. बाल्टिमोरमध्ये कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांनी नळाची उपमा दिली आहे. शाळा चालू असते तोवर सगळ्यांच्या नळाला पाणी असतं. सुट्टीत नळ बंद होतो. मी त्यात माझ्याकडून भर घालतो: ज्याच्या घरी टाकी आहे त्याला नळ बंद झाल्याचं कळतही नाही. पुस्तकं, प्रवास, मोठ्यांच्या गप्पा, वेळ असलेलं एखादं माणूस, ही ती टाकी.

यावर आम्ही पहिल्यांदा जे केलं ते चुकलं. पंधरा दिवसांचं मोठं शिबिर घेतलं. रोज नवे पाहुणे, चित्रकला, जादूचे प्रयोग, शेवटच्या दिवशी बक्षिसं. मुलं खूष, आम्हीही खूष. त्यानंतर सहा आठवडे काहीच नाही. शाळा उघडली तेव्हा परिस्थिती आदल्या वर्षीसारखीच होती. एका मुलाने तर विचारलं, "ते सगळे लोक आता कुठे गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की सुट्टीत फार काही करावं लागत नाही, पण जे कराल ते मधे तुटता कामा नये. आठवड्यातून एकदा, तोच माणूस, तीच वेळ, सुट्टीच्या पहिल्या आठवड्यापासून शाळा उघडून पंधरा दिवस होईपर्यंत. गेली चार वर्षं आम्ही एवढंच करतो आहोत.

इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, लहानपणी स्वतः अशाच परिस्थितीत वाढलेलेही असतील. तुमचा अनुभव लिहा. चुकलेलं काही असेल तर तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

मधली_सुट्टी

चांगला धागा काढलात. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, बावीस वर्षं झाली.

अभ्यासाच्या आधी जेवणाचं बोलूया. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात मुलं उड्या मारत असतात, पण दरवर्षी दोन-चार मुलं त्याच दिवसांत गप्प होत जातात. सुरुवातीला मला वाटायचं शाळेवर जीव आहे म्हणून. मग एका मुलाने सरळच विचारलं, "बाई, सुट्टीत शाळेत जेवण देतात का?" त्याच्यासाठी शाळा बंद होणं म्हणजे दिवसातलं एक हमखास जेवण बंद होणं होतं.

कायदाही तिथेच थांबतो. आपल्या २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मुलांना शाळेत रोज एक मोफत जेवण मिळण्याचा हक्क दिला, पण त्याच कलमात "शाळेच्या सुट्ट्या वगळून" असे शब्द आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००४ सालीच, दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण चालू ठेवा, असा आदेश दिला होता. म्हणजे भूक सुट्टी घेत नाही हे न्यायालयापर्यंत पोचलेलं आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने हा प्रश्न लावून धरला आणि सरकारला त्या उन्हाळ्यात मुलांच्या जेवणाची कुपनं द्यावी लागली. पुढच्या वर्षापासून तिथे सुट्ट्यांमध्ये खेळ आणि जेवण एकत्र देणारी योजना देशभर झाली. अमेरिकेत २०२४ पासून उन्हाळ्यापुरती जेवणाची वेगळी मदत कायमची सुरू झाली आहे, सगळी राज्यं त्यात नसली तरी.

तेव्हा सुट्टीत वर्ग घेणार असाल तर जेवणाच्या वेळेला धरून घ्या आणि खाण्याची सोय करा. आणि एक विनंती. जेवण सगळ्यांना द्या. ज्याला गरज आहे त्याने हात वर करा, असं कधीही म्हणू नका. हात वर होत नाहीत आणि पोट रिकामं राहतं.

पाटीपेन्सिल

वाचते आहे. "मला हे येतच नव्हतं" हे वाक्य वाचून थांबले थोडा वेळ.

संथ_वाचक

बोरू, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण संशोधनाबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी, नाहीतर आपण चुकीच्या पायावर उभे राहू.

बाल्टिमोरच्या अभ्यासातल्या चाचण्यांवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. सुट्टीआधी मुलांनी एका इयत्तेची चाचणी दिली आणि सुट्टीनंतर वरच्या इयत्तेची. मोजपट्टीच बदलली तर फरक मुलात पडला की पट्टीत, हे कसं सांगणार? पॉल फॉन हिप्पेल हे समाजशास्त्रज्ञ स्वतः आधी या सिद्धान्ताचे समर्थक होते. नव्या प्रकारच्या चाचण्यांची आकडेवारी घेऊन त्यांनी तपासलं तेव्हा सुट्टीत दरी रुंदावते हे त्यांना पूर्वीसारखं ठामपणे दिसलं नाही. २०१९ साली त्यांनी ते उघडपणे लिहिलं. गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांमधली दरी बरीचशी पहिलीत येण्याआधीच तयार झालेली असते, हे मात्र त्यांच्या कामातून ठसठशीत दिसतं.

म्हणजे सुट्टीत काही करू नये असं नाही. उलट त्यांचाच मुद्दा असा की सगळ्यांचं शिकणं सुट्टीत मंदावतं, म्हणून मागे असलेल्या मुलांना गाठायला हाच काळ सोयीचा आहे. फक्त "सुट्टीने नुकसान केलं" असं म्हणून थांबलो तर शाळेआधीची पाच-सहा वर्षं आपल्या नजरेतून सुटतात. तुमच्या वर्गात येणाऱ्या मुलांची धाकटी भावंडं आज काय करत आहेत?

बोरू

संथ_वाचक, हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. मी नळाची उपमा गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. आता सांगताना तुमची शंकाही सोबत सांगेन.

धाकट्या भावंडांचा प्रश्न मनाला लागला. ती दाराशी बसलेली असतात आणि आम्ही त्यांना "बाहेर खेळ" म्हणून पाठवतो. हे बदलायला हवं.

पाऊलखुणा

मी या धाग्यातलं मूल होतो. आज नोकरी आहे, घर आहे, इथे लिहितोय. पण आतून सांगणारं कुणीतरी हवं म्हणून लिहितो.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी निबंध असायचा, "मी सुट्टीत काय केले". सगळी मुलं मामाच्या गावाबद्दल, समुद्राबद्दल लिहायची. मी सुट्टीभर वडिलांबरोबर बांधकामावर जायचो. विटा पोचवायच्या, पाणी मारायचं. चौथीत असताना मी ते खरंखरं लिहिलं. भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा लावून कसं बघतात, ओल्या सिमेंटला पाणी का लागतं, सगळं. शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवलं नाही. वहीवर लाल शाईत लिहिलं, "विषयाला सोडून". पाचवीपासून मी एका काल्पनिक मामाच्या गावाला जायला लागलो. निबंधाला चांगले गुण मिळायचे.

शिक्षक मंडळींना माझं सांगणं आहे, तो निबंध बंद करा किंवा विषय बदला. "सुट्टीत मी शिकलेली एक गोष्ट" असं द्या. मग धाकट्या बहिणीला सांभाळणारी मुलगी आणि गॅरेजवर जाणारा मुलगा, दोघांनाही लिहायला काहीतरी असेल, आणि ते इतरांपेक्षा भारी असेल.

दुसरं, मदतीबद्दल. आम्हाला दप्तरं मिळायची. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम, मंचावर नाव पुकारायचं, दप्तर घ्यायचं, फोटो. आमची सगळ्यांची दप्तरं एकाच रंगाची असायची. त्या रंगाचं दप्तर पाठीवर असलं की वर्षभर सगळ्यांना कळायचं की हा फुकटचा. माझ्या मित्राने ते दप्तर एकदाही वापरलं नाही, तो वह्या पिशवीतून आणायचा आणि घरी आईकडून बोलणी खायचा. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा फक्त तो रंग दिसायचा.

आणि जे कामी आलं ते सांगतो. शाळेच्या ग्रंथालयात एक बाई होत्या. सुट्टीत पुस्तकं घरी न्यायची परवानगी नव्हती. सहावीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "ही चार पुस्तकं फाटकी आहेत, मला सुट्टीनंतर चिकटवून हवीत. करशील?" पुस्तकं फारशी फाटलेली नव्हती. मला काम देऊन त्यांनी पुस्तकं दिली. मी चारही चिकटवली, आणि चिकटवायच्या आधी प्रत्येक दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी त्यांनी सात दिली.

मधली_सुट्टी

पाऊलखुणा, तो निबंध मीही बावीस वर्षं देत आले आहे. या वर्षीपासून तुम्ही सुचवलेला विषय देणार. मोठ्याने वाचून दाखवायचा की नाही हे मुलालाच विचारून ठरवेन.

काठावरची

ग्रंथालयातल्या बाईंना माझा नमस्कार. त्यांनी जे केलं त्याला पुढे संशोधनानेही दुजोरा दिला आहे. फ्लोरिडामधल्या १७ गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅगिल-फ्रान्झेन यांनी असा प्रयोग केला की सुट्टीआधी पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, मुलांनी आपल्याला हवी ती १२ पुस्तकं निवडायची, आणि ती त्यांची कायमची. सलग तीन उन्हाळे. वर्ग नाही, शिक्षक नाही, प्रश्नपत्रिका नाही. तीन वर्षांनंतर या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे होतं, आणि सर्वांत गरीब मुलांना फायदा जास्त झाला.

यात "मुलांनी निवडायची" हे सगळ्यात महत्त्वाचं, असं माझं मत आहे. आम्ही वस्तीत पुस्तकांची पेटी फिरवतो. पहिल्या वर्षी मी स्वतः पुस्तकं निवडली होती, सगळी संस्कारी आणि थोरांची चरित्रं. पेटी जशी गेली तशी परत आली. दुसऱ्या वर्षी दोन मुलींना बरोबर घेऊन गेले आणि त्या म्हणतील ते घेतलं. भुतांच्या गोष्टी, कोडी, विनोद, प्राण्यांची चित्रं असलेलं जाडजूड पुस्तक, आणि सातवीतल्या एका मुलाच्या हट्टाखातर मोटारसायकलच्या इंजिनाची माहिती देणारं एक. त्या इंजिनाच्या पुस्तकाची पानं आता सुटी झाली आहेत, इतकं ते फिरलं.

अनामत रक्कम घेऊ नका. हरवलं तर भरपाई मागू नका, रागावूही नका. पुस्तक हरवलं की मूल शरमेने यायचंच बंद होतं, मग पुस्तकही गेलं आणि मूलही. आमची पाच-सहा पुस्तकं दर उन्हाळ्यात जातात. मी ती हरवली असं धरतच नाही, कुणाच्या तरी घरी राहिली असं धरते. एकदा तर तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक एक मुलगी परत घेऊन आली, कारण तिच्या धाकट्या भावाचं वाचून झालं होतं.

अजून एक. मोठ्या मुलांना लहानांची पुस्तकं वाचायची लाज वाटते. त्यांना सांगायचं, "धाकट्याला वाचून दाखवायला ने." मग ती निर्धास्त वाचतात.

रानपाखरू

सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत, पण एक काळजी वाटते. गरीब मुलांच्या सुट्टीचा सगळा वेळ आपण "भरून काढण्यात" घालवणार आहोत का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात ३१ वं कलम विश्रांतीचं आणि खेळण्याचं आहे. हक्क म्हणून लिहिलं आहे, बक्षीस म्हणून नाही. सुस्थितीतली मुलं पोहायला जाणार, झाडावर चढणार, कंटाळणार. आणि आपली मुलं सुट्टीतही बाराखडी घोकणार? त्यांच्यापाशी मैदान नसतं, चेंडू नसतो, पडल्यावर उचलणारं कुणी नसतं. निदान अर्धा वेळ तरी निव्वळ खेळाचा ठेवा. त्यात शिक्षण शोधू नका.

बोरू

शंभर टक्के मान्य. आमच्याकडे दीड तासातला पाऊण तास खेळ असतो. पहिल्यांदा अभ्यास, मग खेळ, असं नाही, आधी खेळ. दमून, हसून बसलेलं मूल पुस्तक सहज उघडतं.

उंबरठा

मुलींचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या सुट्टीच्या वर्गात पहिल्या वर्षी मुलगे अठरा आणि मुली चार होत्या. शाळेत निम्म्या-निम्म्या होत्या, मग सुट्टीत कुठे गेल्या? घरोघरी जाऊन विचारलं. शाळा चालू असते तोवर "शाळेत जायचंय" हे मुलीकडे एक कारण असतं. सुट्टीत ते कारण संपतं. आई कामावर, म्हणून धाकटं भावंड हिच्याकडे, पाणी हिच्याकडे, आजीचं औषधपाणी हिच्याकडे. एका आईने मला अगदी सरळ सांगितलं, "तुम्ही हिला दोन तास नेलं तर बाळाला कोण बघणार? तुम्ही?"

मग आम्ही तेच केलं. बाळाला घेऊन या, असं सांगितलं. एका कोपऱ्यात चटई, थोडी खेळणी, आणि दोन स्वयंसेवक फक्त लहानग्यांसाठी. वेळही सकाळची बदलून दुपारची केली, कारण सकाळी पाण्याची धावपळ असते. त्या उन्हाळ्यात मुली चौदा झाल्या. संथ_वाचक यांनी धाकट्या भावंडांचा प्रश्न विचारला आहे ना, त्याचंही उत्तर असं आपोआप मिळालं. ती बाळं गोष्टी ऐकत मोठी होत आहेत.

कामाबद्दलही सांगते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात घरच्या कामधंद्यात मुलाने शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायला मुभा आहे, काम धोक्याचं नसलं तर. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर मुलांची सुट्टी कामात जाऊ शकते. पालकांना दोष देऊन काही होत नाही, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. पण वर्गाची वेळ त्या घराचं काम बघून ठरवता येते. मी आधी वेळ ठरवून मग मुलं शोधायचे. आता आधी विचारते.

नवखा_मी

पहिल्यांदाच लिहितोय. धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे आठवड्याला दोन तास आहेत, पैसे जवळजवळ नाहीत, शिकवण्याचा अनुभव शून्य. मी काही करू शकतो का, की माझ्यासारख्याने मधे पडूच नये?

बोरू

नवखा_मी, जरूर करू शकता, पण आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे दोन तास वर्षभर देता येतील का? खरंच, वर्षभर?

हे का विचारतो ते सांगतो. मोठ्या माणसाने एका मुलाची सोबत करायची, अशा एका अमेरिकन उपक्रमाचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांना स्वतःबद्दल आधीपेक्षाही कमी वाटायला लागलं. मला तो "ते सगळे लोक कुठे गेले" म्हणणारा मुलगा आठवतो. दोन तास देता येत नसतील तर एकच द्या, पण तो मोडू नका. येता येणार नसेल त्या आठवड्यात फोन करून मुलाला सांगा. निरोप पाठवू नका, मुलाशी बोला.

शिकवायचं काय? इयत्ता विसरा. मूल आज कुठे आहे ते बघा. अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद, की आख्खी गोष्ट? मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने हीच पायरी-पायरीची पद्धत रुजवली. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये तिसरी ते पाचवीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराची शिबिरं झाली. शिकवणारे सरकारी शाळांचेच शिक्षक होते, आणि मुलांची प्रगती मोजण्याइतकी झाली. तेच शिक्षक शाळा उघडल्यावर परत पाठ्यक्रम पुरा करायच्या घाईत सापडले आणि तिथे ही पद्धत तितकी टिकली नाही. म्हणजे सुट्टीत एक मोकळीक असते जी वर्षभर शिक्षकांनाही मिळत नाही. ती तुमच्याकडे आहे.

हजेरीचं मात्र मनावर घ्या. अमेरिकेतल्या पाच शहरांत रँड या संशोधन संस्थेने उन्हाळी वर्गांचा मोठा अभ्यास केला. ज्या मुलांनी वीस किंवा जास्त दिवस हजेरी लावली त्यांच्यात फरक ठळक दिसला, अधूनमधून येणाऱ्यांत फारसा नाही. मूल आलं नाही तर दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारायचं, "काल काय झालं?" रागाने नाही, काळजीने. आमचं निम्मं काम हे दार वाजवण्याचंच आहे.

आणि मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. आमच्याकडे दोन वर्षं "लक्ष देत नाही" म्हणून बोलणी खाल्लेल्या मुलाला चष्मा लागला आणि आठवड्याभरात तो फळ्यावरचं वाचायला लागला. मी स्वतः त्याला बोललो होतो. त्याची माफी मागितली.

उंबरठा

नवखा_मी, आणखी एक, आणि हे टाळू नका. अनोळखी मोठा माणूस मुलांमध्ये वावरतो तेव्हा मुलांची सुरक्षितता आधी. एकटे जाऊ नका, कायम दोन मोठी माणसं हवीत. दार उघडं. मुलाला एकट्याने स्वतःच्या घरी बोलवायचं नाही, गाडीवर सोडायला न्यायचं नाही. पालकांना भेटून परवानगी घ्या, तुमचा फोन नंबर त्यांच्याकडे असू द्या. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या वर्गाला जोडून घेतलंत तर सगळ्यात उत्तम, आणि त्यांनी तुमची चौकशी केली तर वाईट वाटून घेऊ नका. जे चौकशी करत नाहीत तिथे मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

फोटो काढून टाकू नका. पाऊलखुणा यांनी दप्तराच्या रंगाचं लिहिलं ते पुन्हा वाचा.

पाऊलखुणा

उंबरठा, फोटोच्या मुद्द्याबद्दल धन्यवाद. माझा एक तसा फोटो कुठल्यातरी अहवालात छापला होता. आईने तो कधी बघितला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

मधली_सुट्टी

शाळा उघडल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायचं राहिलं. बोरूंनी "पंधरा दिवस होईपर्यंत" असं लिहिलंय ते अगदी योग्य आहे. पटावर नाव असतं, मूल नसतं, असं पहिल्या दोन आठवड्यांतच कळतं. चौथीतून पाचवीत, सातवीतून आठवीत जाताना शाळाच बदलते, तिथे तर फार. दाखला काढायला कामाचा दिवस मोडावा लागतो, एखादा कागद कमी पडतो, परत या म्हणतात, दुसऱ्यांदा दिवस मोडत नाही. मूल घरीच राहतं. महिन्याभराने आलं तर वर्ग इतका पुढे गेलेला असतो की ते स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसतं.

म्हणून सुट्टीत मुलांबरोबर असणाऱ्या मंडळींना माझी विनंती. सुट्टी संपायच्या तीन आठवडे आधी प्रत्येक मुलाच्या घरी विचारा: कुठल्या शाळेत जाणार, दाखला मिळाला का, वह्या आहेत का, गेल्या वर्षीचे कपडे येतात का? गणवेश आखूड झाला म्हणून पहिला आठवडा न आलेली मुलगी माझ्या वर्गात होती. कुणाला सांगितलं नाही तिने. आणि पालकांबरोबर कार्यालयात जाऊन नुसतं शेजारी उभं राहायलाही कुणी मिळालं तर काम एका खेपेत होतं. याला शिकवण्याचा अनुभव लागत नाही.

नवखा_मी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार केला. वर्षभराचं वचन लगेच द्यायची हिंमत होत नाही, पण मधली_सुट्टी यांनी शेवटी जे लिहिलंय ते मला जमेल. आमच्या इमारतीत साफसफाईला येणाऱ्या ताईंना आज विचारलं. त्यांचा मुलगा पाचवीत जाणार आहे आणि दाखल्यासाठी त्या एकदा जाऊन परत आल्या आहेत, जन्माच्या नोंदीवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे म्हणून. मंगळवारी रजा टाकली आहे, दोघं जाणार आहोत.

त्या मुलाला काय वाचायला आवडतं असंही विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. "त्यालाच विचारा," म्हणाल्या.